रविवारची चूल : ते पाणी ओतू नका!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देते. दर आठवड्याला या पानावर तुम्हाला स्वयंपाकाचं शहाणपण शिकवणारी मी, गेल्या नाताळच्या सुट्टीत चार माणसांचं जेवण पार बिघडवून बसले. कशानं बिघडलं, सांगा पाहू? मीठ जास्त पडलं नाही, काही करपलं नाही, कच्चंही राहिलं नाही. मी फक्त एक भांडंभर पाणी मोरीत ओतलं. बस्स, एवढंच! आजची गोष्ट त्या पाण्याची आहे.

झालं असं. रत्नागिरीला माझे काका राहतात. तरुणपणी ते मालवाहू बोटीवर नोकरीला होते. कोकणात अशी कितीतरी घरं आहेत, जिथला एक माणूस वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले महिने गोष्टी सांगण्यात घालवतो. आमचे काका त्यातलेच. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. गेल्या वर्षी काकू गेल्या आणि काकांचं बोलणं कमी झालं. जेवण तर त्याहून कमी. ताटावर बसायचे, चार घास खायचे आणि उठायचे. माझी आई रोज काहीतरी वेगळं करून बघायची, पण छे!

सुट्टीत मी आणि माझा भाचा त्यांच्याकडे गेलो. भाचा नववीत आहे. प्रश्न विचारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. "आजोबा, तुम्ही एवढं जग फिरलात, सगळ्यात चांगलं जेवण कुठं मिळालं?" त्यानं विचारलं. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नेपल्सला. २४ डिसेंबर १९७८."

नेपल्स म्हणजे इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. इटालियन लोक त्याला नापोली म्हणतात. पाठीशी व्हिसुव्हियस ज्वालामुखी आणि समोर अर्धगोल उपसागर. नाताळच्या आदल्या रात्री तिथं घरोघरी मोठं जेवण असतं आणि त्या रात्री मटण-कोंबडी नाही, मासळीचा मान. काकांची बोट धक्क्याला लागली होती. माल उतरवणाऱ्या एका माणसानं या परक्या पोराला सणाच्या दिवशी एकटं पाहिलं आणि सरळ आपल्या घरी जेवायला नेलं.

"मला वाटलं, परदेशी जेवण, काय देतात कोण जाणे! भाषा येत नाही, नको म्हणायचीही सोय नाही," काका सांगत होते. "ताटात बघतो तर काय, तिसऱ्या! आपल्या खाडीतल्या असाव्यात तशा. घरापासून एवढ्या लांब, आणि ताटात तिसऱ्या. मला तर रडूच आलं."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. "मावशी, आपण करू या का हे आजोबांसाठी?"

नाव मोठं, सामान छोटं

त्या पदार्थाचं नाव 'स्पॅगेटी आल्ले व्होंगोले'. घाबरू नका, अर्थ अगदी सोपा आहे. इटालियनमध्ये 'स्पागो' म्हणजे दोरी, म्हणून 'स्पॅगेटी' म्हणजे छोट्या दोऱ्या. 'व्होंगोले' म्हणजे तिसऱ्यांसारखे शिंपले. शिंपल्यांबरोबरच्या दोऱ्या, झालं नाव! नेपल्समध्ये स्पॅगेटीऐवजी 'व्हर्मिचेल्ली'ही वापरतात. तिचा अर्थ ऐकाल तर हसाल. छोटे किडे! आपल्याकडे शेवयांच्या पाकिटावर 'व्हर्मिसेली' लिहिलेलं असतं ना, तोच हा शब्द.

पदार्थ जुना आहे. इप्पोलितो कावाल्कांती नावाच्या एका सरदारानं १८३७ साली नेपल्समध्ये पाककृतींचं एक पुस्तक काढलं. १८३९ च्या आवृत्तीत त्यानं एक पुरवणी जोडली. ती पुस्तकी इटालियनमध्ये नव्हती, नेपल्सच्या घरांत बोलली जाते त्या बोलीत होती. शिंपल्यांबरोबरच्या व्हर्मिचेल्लीची कृती त्या घरगुती पुरवणीत आहे.

आणि सामान किती? स्पॅगेटी, शिंपले, लसूण, तेल, थोडी मिरची, थोडा हिरवा पाला. संपलं! मसाला नाही, वाटण नाही, कांदासुद्धा नाही. मी मनात म्हटलं, हे काय, डाव्या हाताचा मळ! आणि तिथंच फसले.

शनिवारचा फज्जा

शनिवारी मी पाकिटावर लिहिल्याप्रमाणं स्पॅगेटी उकडली. चाळणीत ओतली. पाणी मोरीत गेलं. वरून आणखी शहाणपणा केला. चिकटू नये म्हणून नळाखाली गार पाण्यानं ती चांगली धुऊन काढली. मग लसणीच्या तेलात तिसऱ्या घातल्या, त्यात स्पॅगेटी घातली, ढवळलं आणि वाढलं.

काय सांगू! स्पॅगेटी सुतळीसारखी कोरडी. तेल सगळं ताटाच्या तळाशी. तिसऱ्या एकीकडे, दोऱ्या दुसरीकडे, जणू दोघांचं भांडण झालंय. काकांनी चार घास खाल्ले. "छान झालंय हो," म्हणाले आणि ताट हळूच पुढं सरकवलं. त्या 'छान'चा अर्थ लहान मुलालाही कळला असता.

भाच्याचा चेहरा उतरला. आई मात्र ताटाकडे निरखून बघत होती. तिनं विचारलं, "ते शिजवलेलं पाणी कुठाय गं?"

"ओतलं."

"ओतलंस?" आईनं कपाळाला हात लावला. "पुरणाची डाळ शिजवल्यावर कट ओततेस का कधी?"

आता सांगा, माझ्या आईनं आयुष्यात इटली पाहिलेली नाही. पण रोग तिनं बरोबर ओळखला. होळीला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवतात, तिचं पाणी काढून ठेवतात. तो कट. त्याचीच झणझणीत कटाची आमटी होते आणि पोळीपेक्षा आमटीवरच आपला डोळा असतो. कोकणात भात वेळल्यावर निघालेलं पाणीही कुणी फेकत नाही. ज्या पाण्यात धान्य शिजलं, त्या पाण्यात धान्याचा जीव उतरलेला असतो. नेपल्समधल्या आज्यांनाही हे पक्कं माहीत असतं. माहीत नव्हतं ते मला!

पाण्यात असतं तरी काय?

आता जरा विज्ञान. सुकी स्पॅगेटी ड्युरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्यापासून बनते. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा, असा इटलीत १९६७ सालापासून कायदाच आहे. नेपल्सजवळ ग्रान्यानो नावाचं गाव आहे. तिथं पूर्वी रस्त्याच्या दुतर्फा काठ्यांवर पास्ता वाळत घालायचे, आपण कुरडया-शेवया वाळवतो तसा. समुद्राकडून आणि डोंगरावरून येणारा वारा तो वाळवायचा. २०१३ मध्ये ग्रान्यानोच्या पास्त्याला युरोपीय संघानं भौगोलिक मानांकन दिलं, जसं आपल्या रत्नागिरीच्या हापूसला मिळालं आहे.

स्पॅगेटी उकळताना तिच्यातला थोडा स्टार्च पाण्यात उतरतो. म्हणून ते पाणी गढूळ, पिठूळ दिसतं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पण पिठूळ पाण्यात तेल घालून जोरात ढवळलं, तर तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि त्या दाटसर पाण्यात ते पुन्हा एकत्र येऊ शकत नाहीत. तयार होतो एक गुळगुळीत, दुधाळ रस. याला इमल्शन म्हणतात. कढी फुटू नये म्हणून आई ताकाला बेसन लावते ना? तिथंही पीठ असंच मध्यस्थी करतं.

म्हणजे माझं काय चुकलं होतं? मध्यस्थालाच मी मोरीत ओतलं. वरून स्पॅगेटी धुतली, म्हणजे तिच्या अंगाला लागलेला स्टार्चही घालवला. मग तेल खाली जाणार नाही तर काय!

शिंपला बोलतो, ऐकायला शिका

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा बाजार गाठला. मासेवाल्या मावशींपुढे तिसऱ्यांचे वाटे मांडले होते. "काल नेल्यात ना? संपल्या?" त्यांनी विचारलं. "संपल्या नाहीत, वाया घालवल्या," भाचा म्हणाला. मावशी हसल्या आणि वाट्यावर मूठभर जास्त टाकल्या.

तिसऱ्या विकत घेताना आणि निवडताना डोळे उघडे ठेवायला हवेत. इथं चूक झाली तर फक्त चव बिघडत नाही, पोट बिघडतं. म्हणून हा भाग दोनदा वाचा.

शिंपल्याचे दोन भाग मागच्या बाजूला बिजागरीनं जोडलेले असतात. त्या बिजागरीत एक लवचीक पट्टी असते. ती शिंपला सतत उघडायला बघते. आतल्या प्राण्याचे दोन स्नायू तो ओढून बंद ठेवतात. म्हणजे शिंपला उघडायला नाही, बंद ठेवायला जीव लागतो! आता हे लक्षात ठेवलंत की नियम पाठ करायला नकोत :

कच्चा शिंपला उघडा दिसला तर त्यावर टिचकी मारा. जिवंत असेल तर तो हळूहळू मिटेल. मिटला नाही तर आतला प्राणी मेलेला आहे. फेकून द्या.

फुटलेला, तडकलेला शिंपला फेकून द्या.

शिजल्यावर स्नायू सुटतात आणि शिंपला आपोआप उघडतो. सगळे उघडले आणि एखादा बंदच राहिला, तर त्याच्याशी झटापट नको. चाकूनं उघडू नका. तोही फेकून द्या.

आणखी एक. हे प्राणी पाणी गाळून त्यातलं अन्न खातात. पाणी घाण असेल तर ती घाणही त्यांच्या पोटात साठते. म्हणून कुठल्याही नाल्याच्या तोंडाशी स्वतः गोळा केलेले शिंपले खाऊ नयेत. ओळखीच्या मासेवालीकडूनच घ्यावेत, त्याच दिवशी शिजवावेत आणि पावसाळ्यात टाळावेत. तुमच्या घरी कुणाला शिंपले-कोळंबीची ॲलर्जी असेल, तर हा पदार्थ त्यांच्यासाठी नाही.

साहित्य (चार जणांसाठी)

तिसऱ्या, शिंपल्यांसकट १ किलो; स्पॅगेटी ३२० ग्रॅम; ऑलिव्ह तेल ६ मोठे चमचे; लसणीच्या मोठ्या पाकळ्या ४; सुकी लाल मिरची अर्धी; बारीक चिरलेली पार्सली मूठभर; पाणी ३ लिटर; मीठ.

पार्सली मोठ्या भाजीवाल्यांकडे मिळते. नाहीच मिळाली तर थोडी कोथिंबीर घाला. चव वेगळी लागेल, पण वाईट नाही लागणार. नेपल्समध्ये काही घरांत यात पांढरी वाईन घालतात, काही घरांत नाही. आपण दुसऱ्या घरांतले!

कृती

१. एक लिटर पाण्यात दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. समुद्राचं पाणी साधारण इतकंच खारट असतं. वर सांगितल्याप्रमाणं निवडून, धुतलेल्या तिसऱ्या त्यात दोन तास गार, अंधाऱ्या जागी ठेवा. त्या पोटातली वाळू बाहेर टाकतात. साध्या गोड्या पाण्यात ठेवू नका, त्यात त्या मरतात.

२. भांडं कलंडवून पाणी ओतू नका, नाहीतर खाली बसलेली वाळू पुन्हा तिसऱ्यांवरच येईल. तिसऱ्या हातानं वर उचलून घ्या. मग एकेक तिसरी ओट्यावर हलकेच आपटा. एखाद्या शिंपल्यात नुसता चिखल भरलेला असतो. तो आपटल्यावर उघडतो. असा एक जरी कढईत गेला, तर सगळ्या जेवणात वाळू करकरते. हे काम तुमचं. कंटाळा करायचा नाही!

३. पसरट कढईत दोन चमचे तेल आणि ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या घाला. वास सुटला की तिसऱ्या घालून झाकण ठेवा. आच मोठी. चार-पाच मिनिटांत शिंपले टकटक उघडू लागतील. नेपल्समध्ये ते उघडल्या उघडल्या काढतात. आपण सगळे उघडल्यावर आणखी तीन मिनिटं झाकण ठेवून शिजवू या. थोडे घट्ट होतील, पण पोटाला निर्धास्त.

४. तिसऱ्या बाहेर काढा. कढईत खाली पाणी जमलं असेल. ते तिसऱ्यांचं पाणी, आपला पहिला ठेवा. पातळ मलमलच्या फडक्यातून ते गाळून ठेवा. निम्म्या तिसऱ्या शिंपल्यातून सोडवून घ्या, निम्म्या तशाच राहू द्या.

५. मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी उकळा. इटलीत दर लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ घालतात. आपण सगळ्या पाण्यात मिळून फक्त एक मोठा चमचा घालू, कारण तिसऱ्यांचं पाणी आधीच खारट आहे. स्पॅगेटी न मोडता पाण्यात उभी सोडा. ती मऊ होऊन आपोआप आत जाते. अधूनमधून ढवळा.

६. तोवर कढई पुसून घ्या. त्यात तीन चमचे तेल, उरलेली लसूण आणि मिरची मंद आचेवर ठेवा. लसूण सोनेरी झाली की काढून टाका. तपकिरी होऊ दिलीत तर कडू लागेल. कढई आचेवरून उतरवून दोन मिनिटं थांबा. मग तिसऱ्यांचं गाळलेलं पाणी हळूच घाला. तापल्या तेलात पाणी घातलं तर अंगावर उडतं. आता कढई पुन्हा आचेवर ठेवा.

७. पाकिटावर १० मिनिटं लिहिलं असेल तर सातव्या-आठव्या मिनिटालाच स्पॅगेटी बाहेर काढायची. पण चाळणीत ओतायची नाही! लांब चिमट्यानं पातेल्यातून उचलून सरळ कढईत टाकायची. उकळतं पातेलं तुम्ही उचलायचं नाही, या वेळी आई किंवा बाबा शेजारी हवेतच. आणि गॅस बंद केला तरी ते पिठूळ पाणी तसंच ठेवा. हा आपला दुसरा ठेवा.

८. कढईत त्या पिठूळ पाण्याचे दोन पळे घाला आणि मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं सारखं हलवत राहा. कोरडं वाटलं तर आणखी एक पळा. स्पॅगेटीचं उरलेलं शिजणं आता या रसात होतं. मधोमध किंचित दाताला लागेल इतपत ती शिजायला हवी. इटालियन लोक याला 'अल देंते' म्हणतात, म्हणजे दाताला लागेल अशी.

९. गॅस बंद करा. तिसऱ्या, पार्सली आणि उरलेलं एक चमचा कच्चं तेल घाला. पुन्हा जोरात हलवा. तेल दिसेनासं होऊन रस दुधाळ झाला, स्पॅगेटीला चकाकी आली की समजा जमलं! लगेच वाढा. ही स्पॅगेटी कुणासाठी थांबत नाही. आधी माणसांनी तिच्यासाठी थांबायचं.

पळून गेलेले शिंपले

"आम्ही मासे खात नाही, आम्ही काय करायचं?" असं विचारणारे दोस्त असतीलच. त्यांची सोय नेपल्सच्या लोकांनी आधीच करून ठेवली आहे. समुद्र खवळलेला असायचा किंवा खिशात पैसे नसायचे, तेव्हा गरीब घरांत शिंपल्यांशिवाय हाच पदार्थ व्हायचा. लसूण, तेल, पार्सली आणि थोडे टोमॅटो. त्याचं नाव 'व्होंगोले फुयुते', म्हणजे पळून गेलेले शिंपले! शिंपले ताटात का नाहीत? कारण ते पळून गेले! गरिबीचीही अशी थट्टा करायला मोठं मन लागतं. या पदार्थात तिसऱ्यांचं पाणी नसतं, म्हणून पिठूळ पाण्याचं महत्त्व दुप्पट. मीठही थोडं वाढवा.

निळा खेकडा आला

काकांच्या ताटातले शिंपले आज मात्र खरोखरच पळ काढायच्या बेतात आहेत. इटलीत आता बरेचसे शिंपले ईशान्येकडच्या पो नदीच्या मुखाजवळ शेती करावी तसे वाढवतात. त्यातली मुख्य जात मूळची तिथली नाही, आशियाच्या पूर्व किनाऱ्याकडची आहे. १९८३ साली ती व्हेनिसच्या खाजणात आणून सोडली आणि ती तिथं छान रुजली. पण २०२३ च्या उन्हाळ्यात दुसरा पाहुणा प्रचंड संख्येनं आला, निळा खेकडा. हा मूळचा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा. नांग्यांनी शिंपले फोडायचे आणि खायचे, हाच त्याचा उद्योग. शिंपल्यांची शेतंच्या शेतं त्यानं फस्त केली. त्या ऑगस्टमध्ये इटलीच्या सरकारनं त्याच्या बंदोबस्तासाठी २९ लाख युरो मंजूर केले. तिथली कितीतरी कुटुंबं या धंद्यावर जगतात.

मी हे वाचून दाखवलं, तेव्हा काका म्हणाले, "आपल्या खाडीचंही तेच. आम्ही लहानपणी ओहोटीला जायचो, तेव्हा बारक्या तिसऱ्या परत टाकायचो. माझी आई ओरडायची, पोरांना उचलू नका, त्यांना मोठं होऊ द्या." बाजारात कुणी अगदी नखाएवढ्या तिसऱ्यांचा वाटा पुढं केला, तर दोस्तांनो, आपणही तो घेऊ नये.

आणि रविवारी काय झालं?

रविवारी दुपारी भाच्यानं स्वतः वाढलं. मी फक्त पातेलं सांभाळलं. स्पॅगेटी चमकत होती, रस तिला धरून होता. भाच्यानं हौसेनं चीज किसायला घेतलं, तर काकांनी त्याच्या हातावर हलकेच चापट मारली. "मासळीवर चीज नाही! तिथं त्या बाईनं मला असंच अडवलं होतं."

काका जेवू लागले. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो, पण बघत नसल्यासारखं दाखवत होतो. ते एक शब्द बोलले नाहीत. पहिला घास, दुसरा, पाचवा, दहावा. ताटात नुसते रिकामे शिंपले उरले. मग त्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि ताटातला रस गोल फिरवत पुसून घेतला. इटलीत याला 'स्कार्पेत्ता' म्हणतात, म्हणजे छोटा जोडा. पावाचा जोडा ताटभर चालवायचा. ज्यांनी स्वयंपाक केला, त्यांच्यासाठी ही सगळ्यात मोठी शाबासकी.

"काल यात काय नव्हतं?" काकांनी विचारलं.

"पाणी," भाचा म्हणाला.

काका हसले. किती दिवसांनी! मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, उद्या काय करताय?"

आईनं काही उत्तर दिलं नाही. ती उठली आणि डाळीचा डबा खाली काढला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि कटाची आमटी होती, हे सांगायलाच नको.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा तुमचा अभ्यास. आपल्या घरात कोणकोणतं पाणी मोरीत जातं, ते चार दिवस बघा. डाळीचं, भाताचं, भाज्या उकडल्याचं, पनीर केल्यावर उरलेलं. त्यातलं कोणतं पाणी तुमची आजी किंवा आई ओतू देत नाही आणि त्याचं काय करते, ते विचारून घ्या. वहीत लिहा आणि आम्हालाही जरूर कळवा. आणि हो, घरात कुणी हल्ली नीट जेवत नसेल, तर त्यांना कधीतरी विचारा, सगळ्यात चांगलं जेवण तुम्हाला कुठं मिळालं होतं? उत्तर लांबलचक असेल. ऐकायला बसा.

भेटू या पुढच्या रविवारी, चुलीपाशी!